‘डबल इंडेम्निटी’: दुप्पट पैशांचा हिशेब नेमका कुठे चुकतो?

सांजवेळ (धागाकर्ती)

बिली वाइल्डरच्या ‘डबल इंडेम्निटी’त (१९४४) ‘खुनी कोण’ हा प्रश्नच नाही. सुरुवातीलाच विमा एजंट वॉल्टर नेफ रात्री रिकाम्या ऑफिसात येतो, डिक्टाफोनचं (आवाज नोंदवायच्या यंत्राचं) बोलायचं नळकांडं तोंडाशी धरतो आणि दावे-विभागाचा प्रमुख बार्टन कीज याच्या नावाने कबुली देऊन टाकतो: खून मी केला, पैशासाठी आणि बाईसाठी, आणि दोन्हीपैकी काहीच हाती लागलं नाही. (बाई म्हणजे फिलिस डीट्रिक्सन, खून तिच्या नवऱ्याचा.) तेव्हा ‘स्पॉयलर’चं पथ्य इथे कुणी पाळू नका. सगळं आधीच कळलेलं असताना १०७ मिनिटं हा चित्रपट बसवून कसा ठेवतो, ते आपापल्या कामाच्या अंगाने लिहा. ‘क्लासिक आहे!’ एवढंच म्हणायचं असेल तर कृपया मनात म्हणा.

दावाखातं

नावापासून सुरू करतो. ठरावीक प्रकारच्या अपघातात मृत्यू आला तर दुप्पट रक्कम, असं हे कलम. चित्रपटातली पॉलिसी अपघात विम्याची, ५० हजार डॉलरची. आगगाडीच्या अपघातात १ लाख. कंपनी एवढी उदार का? कारण तसे मृत्यू जवळजवळ होतच नाहीत. कागदावर कलम भारदस्त दिसतं आणि कंपनीच्या खिशाला चाट बसत नाही. नेफला हे पक्कं ठाऊक आहे, आणि नेमकी इथेच त्याची हाव आडवी येते. जे सहसा घडत नाही तेच घडवून आणायचं ठरवलं, की ती फाइल वरच्या टेबलावर जाणारच. ५० हजारांवर भागवलं असतं तर एखादा साधासुधा घरगुती अपघात पुरला असता.

कंपनीच्या मोठ्या साहेबाला मृत्यू ही आत्महत्या वाटते. कीज त्याला आकडेशास्त्राने गप्प करतो: नुसत्या आत्महत्यांवर दहा खंड आहेत, विषाच्या प्रकारानुसार, उडीच्या जागेनुसार, पण चालत्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी टाकल्याची एकही नोंद नाही. आणि गाडीचा वेग ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटर! मरायला निघालेला माणूस एवढ्या वेगाच्या भरवशावर राहत नाही.

खरी मेख मात्र पायात आहे. खुनाच्या आधी डीट्रिक्सनचा पाय मोडतो, प्लास्टर होतं, कुबड्या येतात. अपघाताची पॉलिसी चालू असताना तो पायाचा दावा करत नाही. का? कारण आपला असा काही विमा आहे हेच त्याला माहीत नसतं. गाडीच्या विम्याची दुसरी प्रत समजून त्याने सही ठोकलेली असते. आता नेफच्या खुर्चीत बसून पाहा. दावा लावला तर कंपनीचा पत्रव्यवहार नवऱ्याच्या हाती पडणार आणि पॉलिसी उघडी पडणार. न लावला तर कीजला वास येणार. दोन्ही बाजूंनी अडकित्ता.

आपल्याकडे यातलं काय लागू पडतं? एलआयसीच्या पॉलिसीधारकांना ‘दुहेरी अपघात लाभ’ हे शब्द ओळखीचे असतील. मूळ विमा रक्कम वेगळी, अपघाताची वेगळी. त्यासाठी मृत्यू अपघातापासून १८० दिवसांच्या आत झालेला असावा लागतो, आणि दाव्याला एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल लागतात. आपल्या विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षं उलटल्यावर आयुर्विमा पॉलिसीवर कंपनीला शंका घेता येत नाही. त्याआधीचा दावा म्हटला की चौकशी आलीच. नेफ आणि फिलिस तीन वर्षं सोडा, तीन महिनेही थांबत नाहीत. (आपला हा कायदा १९३८ चा. नेफच्या कबुलीवरची तारीखही १६ जुलै १९३८. निव्वळ योगायोग, पण विम्यातल्या माणसाला गंमत वाटते.)

खोडरबर

पटकथेच्या बाजूने. खुनाचा बेत ओळीने मांडला तर त्यातली काटकसर दिसते. नेफ आपली गाडी इमारतीच्या गॅरेजमध्ये धुवायला देतो, म्हणजे तो घरीच होता याला साक्षीदार मिळाला. घरच्या फोनवरून सहकाऱ्याला फोन करतो, म्हणजे वेळेचा पुरावा झाला. फोनच्या आणि दाराच्या घंटेत छोटी कार्डं खोचून ठेवतो. मागे कुणी फोन केला किंवा घंटा वाजवली तर ती खाली पडतील आणि परतल्यावर कळेल. मग डीट्रिक्सनच्या मोटारीत मागच्या सीटपाशी खाली दबा. फिलिसने हॉर्न तीनदा वाजवायचा, ही मागून डीट्रिक्सनचा गळा आवळायची खूण. त्यानंतर त्याच कुबड्या घेऊन, पायाला पांढरी पट्टी बांधून, नेफ स्वतः डीट्रिक्सन म्हणून आगगाडीत चढतो. मागच्या उघड्या डब्यात जॅक्सन नावाचा एक गप्पिष्ट प्रवासी बसलेला निघतो. त्याला सिगार आणायला आत पिटाळायचं, गाडी मंदावली की उतरायचं, आणि प्रेत रुळांवर ठेवायचं.

मोडलेला पाय म्हणजे आधी अडचण, मग सोय, शेवटी पुरावा. एकाच वस्तूला तीन कामं लावणं शिकायचं असेल तर ते इथून शिका.

गळा आवळताना कॅमेरा फिलिसच्या चेहऱ्यावरच राहतो. गुन्ह्याची कृती तपशिलात दाखवायला त्या वेळच्या हॉलिवूडच्या निर्मिती-संहितेची (पडद्यावर काय चालेल याच्या नियमांची) बंदी होती; जेम्स एम. केनच्या मूळ कथेवर १९३५ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांनी असा काही शेरा मारला की पुढची काही वर्षं स्टुडिओ त्या कथेच्या वाटेला गेले नाहीत. बंदीतून वाइल्डरने काय कमावलं ते फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविकच्या डोळ्यांत पाहा. शेजारी नवरा मरतोय, ही समोर रस्ता पाहत गाडी चालवते आहे, आणि चेहऱ्यावर समाधान.

त्यानंतर गाडी सुरू न होण्याचा प्रसंग. स्टार्टर घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. प्रेक्षक मनातल्या मनात चावी फिरवायला लागतो, म्हणजे खुन्यांच्या बाजूने झाला की! नवख्या पटकथाकारांची चूक अशी, की असा प्रसंग ते खुनाच्या आधी घालतात. आधी घातला तर तो नुसता अडथळा. नंतर घातला म्हणून प्रेक्षक गुन्ह्यात भागीदार होतो.

तिरपा उजेड

छायाचित्रण जॉन एफ. साइट्झचं. खिडकीच्या पडद्याचे आडवे पट्टे अंगावर पडलेले, हे चित्र त्यानंतर इतक्यांनी उचललं की आता जाहिरातींतही दिसतं. आणि बहुतेक जण ते बिघडवतात, म्हणून थोडं गणित.

पट्टे धारदार हवेत तर दिवा लहान तोंडाचा आणि लांब हवा, आणि भिंत पडद्याच्या जवळ. सावलीच्या कडेची धूसरता = दिव्याच्या तोंडाची रुंदी × (पडद्यापासून भिंत) ÷ (दिव्यापासून पडदा). १० सेंमी तोंडाचा दिवा ४ मीटरवर आणि भिंत अर्धा मीटर मागे असेल तर धूसरता जेमतेम सव्वा सेंमी. तोच दिवा जागेअभावी १ मीटरवर आणला आणि भिंत १ मीटर मागे राहिली, तर धूसरता १० सेंमी. पट्ट्या ५ सेंमी अंतराने असतील तर भिंतीवर काहीच उमटत नाही, नुसता मळकट उजेड. सॉफ्टबॉक्स किंवा मोठं एलईडी पॅनेल वापरणाऱ्यांचं हेच होतं.

खरा पडदा नसेल तर फोमबोर्डाच्या ४–५ सेंमी रुंद पट्ट्या लाकडी चौकटीत तेवढंच अंतर सोडून लावा. दिवा डोक्याच्या वर, खाली झुकलेला. आपल्या फ्लॅटमधली सर्वांत मोठी शत्रू म्हणजे पांढरी भिंत. तिच्यावरून परतलेला उजेड सावल्या भरून काढतो. कॅमेऱ्याबाहेरच्या भिंतींवर आणि छतावर काळं कापड टाकल्याशिवाय दिवा बदलत बसू नका.

चष्मिष

@तिरपा उजेड, डीट्रिक्सनच्या दिवाणखान्यात उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ कशी आणली?

तिरपा उजेड

हवेत अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड उडवून. तसं अजिबात करू नका. ती श्वासात जाणं वाईट, आणि हवेत पसरलेली धातूची पूड गरम दिव्यांजवळ पेट घेऊ शकते. आज पाण्यावर चालणारं हेझ मशीन मिळतं. पंखे, एसी, खिडक्या बंद करा, हेझ सोडा आणि ते खोलीभर सारखं पसरेपर्यंत थांबा. घाई केली तर धुराचे पुंजके दिसतात. प्रकाश कॅमेऱ्याच्या समोरून किंवा बाजूने यायला हवा. पाठीमागून आला तर कणच दिसत नाहीत.

कानसेन

संगीत मिक्लोश रोझाचं. डीट्रिक्सनची मुलगी लोला हिला घेऊन नेफ हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचाच्या वर बसतो तेव्हा खालून शूबर्टची ‘अपूर्ण’ सिम्फनी ऐकू येते. नेफ-फिलिसच्या शेवटच्या भेटीत मात्र दूरच्या रेडिओवर ‘टँजरीन’ वाजतं. गोळीबाराच्या खोलीत हलकंफुलकं नाचाचं गाणं, त्यामुळे अंगावर काटा जास्त येतो. फक्त एक भानगड आहे: गोष्ट १९३८ ची आणि ‘टँजरीन’ १९४० च्या दशकातलं, पॅरामाउंटच्याच दुसऱ्या चित्रपटातलं. घरचं गाणं स्वस्तात पडलं असणार.

आवाजाचंच आणखी एक. डिक्टाफोनचे मेणाचे सिलिंडर काही मिनिटांतच भरत आणि वरचा थर तासून पुन्हा वापरले जात. कबुली अशा वस्तूवर दिली आहे की सकाळी ऑफिसच्या पोराने तासली असती तर खून पुसला गेला असता.

जुनी कात्रणं

मूळ घटना न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली, मार्च १९२७ ची. रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिच्या नवऱ्याला मारलं. त्याच्याही विम्यात दुप्पट भरपाईचं कलम होतं. १२ जानेवारी १९२८ ला दोघांना सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसवलं, आणि ‘डेली न्यूज’च्या छायाचित्रकाराने घोट्याला बांधलेल्या लपवलेल्या कॅमेऱ्याने रूथचा फोटो काढला. केन पत्रकार होता. त्याची कथा १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकात क्रमशः आली. तिथे नायक हफ आहे आणि बाई नर्डलिंगर. घणाघाती संवाद शोधत कथा उघडाल तर थोडी निराशा होईल. ते वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांचे आहेत. चँडलर पडद्यावरही दिसतो, कीजच्या खोलीबाहेर वाचत बसलेला. साधारण सोळाव्या मिनिटाला डोळे उघडे ठेवा.

शंकासुर

दोन गोष्टी खटकतात. नेफच्या फ्लॅटचं दार बाहेर, बोळात उघडतं, म्हणून फिलिस त्यामागे लपू शकते. असं दार कोण बसवतं? आणि अविवाहित नेफच्या बोटात लग्नाची अंगठी!

खोडरबर

अंगठी नेफ झालेल्या फ्रेड मॅकमरीची स्वतःची, काढायची राहिली. दार मात्र जाणूनबुजून. आत उघडणारं असतं तर कीजला बोळात उभं करून फिलिसला तीन फुटांवर लपवता आलं नसतं. दृश्य चालतं तोवर सुताराला कोण विचारतो?

मोगरा

फिलिसला सगळे ‘विषकन्या’ म्हणतात ते पटत नाही. विषकन्येला कुणीतरी राजकारणी तयार करतो आणि शत्रूकडे पाठवतो. ती दुसऱ्याचं हत्यार. फिलिसला कुणी पाठवलेलं नाही. तिचा सोनेरी टोप उघडउघड खोटा दिसतो (स्टुडिओच्या एका वरिष्ठाला ती जॉर्ज वॉशिंग्टन वाटली होती), आणि तो खोटाच दिसायला हवा. नेफला खोटेपणा पहिल्या भेटीत दिसतो. दुसऱ्या भेटीत तिच्या तोंडून विम्याची चौकशी येताच तो तिचा डावही ओळखतो, निघूनही जातो. तरी अडकतो, कारण कंपनीला आतून कसं फसवायचं हा किडा त्याच्या डोक्यात ती भेटण्याआधीपासून वळवळतोय. कबुलीत तो हे स्वतः सांगतो. बाईवर सगळं ढकलणारे परीक्षक हा भाग झोपेत पाहतात.

रिळवाला

घरी पाहणार असाल तर: चित्राचं प्रमाण जवळपास चौकोनी आहे, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, ‘फुल स्क्रीन’ने ताणू नका. टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, रंगछटा ‘वॉर्म’ ठेवा, नाहीतर करडे भाग निळसर दिसतात. ब्राइटनेस इतकाच, की काळा सूट काळ्या भिंतीपासून जेमतेम सुटावा. खोलीतला दिवा टीव्हीच्या मागे, समोर नको.

तपासायला शेवटचं दृश्य लावा. चित्रपटभर कीजच्या खिशात काडी नसते आणि नेफ अंगठ्याच्या नखाने पेटवून देतो; शेवटी दाराशी कोसळलेल्या नेफसाठी कीज पेटवतो. वाइल्डरने यापुढे गॅस चेंबरमधली शिक्षाही चित्रित केली होती, महागडा सेट उभारून, आणि मग कापून टाकली. काडीचा उजेड कीजच्या चेहऱ्यावर वेगळा दिसत नसेल तर ब्राइटनेस अजून दोन अंकांनी खाली आणा.