मदत हवी आहे : कंत्राटी पदाच्या बायोडेटामध्ये प्रमाणपत्र नसलेला अनुभव लिहावा का?

राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत जिल्हास्तरावरील प्रयोगशाळा तंत्रज्ञ या कंत्राटी पदासाठी मी अर्ज करत असून, विहित नमुन्यातील अर्जासोबत स्वतंत्र बायोडेटाही जोडायचा आहे. माझ्याकडे डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान) पदविका, महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी आणि एमएस-सीआयटी प्रमाणपत्र आहे. अधिवास व जातीचे दाखलेही तयार आहेत, त्यामुळे अडचण केवळ अनुभवाची आहे.

मी दोन खाजगी प्रयोगशाळांत काम केले आहे. दुसऱ्या ठिकाणचे अनुभव प्रमाणपत्र मिळाले, परंतु पहिली प्रयोगशाळा बंद झाली असून तिच्या चालकांशी फोन व पत्राने संपर्क साधूनही उत्तर आलेले नाही. तेथील नियुक्तिपत्र आणि पगार जमा झाल्याच्या बँकेतील नोंदी मात्र माझ्याजवळ आहेत. प्रमाणपत्राशिवाय अनुभवाचे गुण मिळणार नाहीत, असे जाहिरातीत स्पष्ट नमूद असल्याने ते गुण मिळावेत अशी माझी अपेक्षा नाही. पण तो कालावधी वगळला तर पदविकेनंतरची वर्षे रिकामी दिसतात आणि लिहिला तर अर्जातील अनुभवाच्या तक्त्याशी (ज्यात मी तो वगळला आहे) बायोडेटा जुळत नाही. खाजगी नोकरीसाठी केलेला आकर्षक मांडणीचा बायोडेटा येथे उपयोगाचा नाही, हे मला ठाऊक आहे.

कागदपत्र छाननीचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे : हा कालावधी ‘प्रमाणपत्र उपलब्ध नाही’ अशा शेऱ्यासह बायोडेटामध्ये लिहून नियुक्तिपत्राची स्वसाक्षांकित प्रत जोडावी, की अर्जाप्रमाणेच तेथूनही तो वगळावा?