मदत हवी आहे: जीपच्या हायड्रॉलिक क्लचचे मास्टर-स्लेव्ह सिलेंडर जुळेनात
नमस्कार मंडळी, बेळगावहून लिहितोय. घरची जुनी जीप आहे, तिला दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवलाय, त्यामुळं क्लचची मूळची लिंकेज जुळेना म्हणून हायड्रॉलिक करून घेतलं. मास्टर (पेडलकडचा, तेल ढकलणारा सिलेंडर) पाच सुती बोअरचा म्हणजे आतला व्यास १५.८७ मिमी, स्लेव्ह (त्या तेलाच्या दाबानं क्लच सोडवणारा, बॉक्सकडचा सिलेंडर) सात सुती म्हणजे २२.२ मिमी, दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांचे.

पेडल एकदम हलकं आहे पण क्लच पूर्ण सुटतच नाही. रिव्हर्स टाकताना कर्रर्र करून खरडतंय, फर्स्टला पेडल तळापर्यंत दाबून धरलं तरी गाडी पुढं सरकायला बघते, टिळकवाडीच्या रेल्वे गेटाला लाइनीत थांबलो की ब्रेकवरचा पाय काढायची सोय नाही.

तेलात एअर असेल असं सगळेच म्हणतात, पण नीट ब्लीड केलंय, म्हणजे लाइनमधली हवा काढलीय, आणि एअर असती तर पेडल भराभर पंप केल्यावर फरक पडला असता, तो पडत नाही. स्लेव्हचं रबर बूट उलटून बघितलं, आत कोरडं ठाक, म्हणजे लीक नाही. मग भावाला पेडल दाबायला बसवलं आणि खाली झोपून व्हर्नियर लावला तर स्लेव्हची दांडी (पुशरॉड) १३ मिमीच सरकतोय. मला निदान १७ पाहिजे, कारण पुशरॉडनं हलणाऱ्या क्लच फोर्कचं प्रमाण साधारण २:१ आहे आणि फोर्कनं ढकललेल्या बेअरिंगला क्लचच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांवर टेकल्यानंतर ८-९ मिमी जावं लागतंय.

हिशोब मांडला. मास्टरचा स्ट्रोक २८ मिमी, म्हणजे तो साडेपाच सीसी तेल ढकलतोय, तेवढ्यात सात सुती स्लेव्ह कागदावरसुद्धा १४ च्या आसपासच जाणार. स्लेव्ह सहा सुती म्हणजे १९.०५ मिमीचा घातला तर १९ मिमी मिळतात पण पेडल ३६ टक्के जड होणार. स्लेव्ह तोच ठेवून मास्टर सहा सुती केला तर साडेवीस मिमी मिळतात, पण जडपणा ४४ टक्के वाढणार आणि जास्त ट्रॅव्हलनं डायफ्रॅमची बोटं मरायची भीती, म्हणजे पेडलला स्टॉपर लावायलाच पाहिजे. फोर्कचं भोक पिव्हटकडं सरकवलं तरी हाच सौदा, ट्रॅव्हल वाढलं की जोर वाढणारच.

मला स्लेव्ह बदलणंच बरं वाटतंय. पण ही गाडी बाबा पण चालवतात, खानापूरच्या शेताकडं रोज तेच नेतात, त्यांचा गुडघा दुखतोय, पेडल जड झालं तर ते गाडीला हात लावायचं सोडतील आणि ते मला बिलकुल नकोय.

उद्यमबागेत एकानं साधं हायड्रॉलिक ऑइल घाल म्हणून सांगितलं, ते मी घालणार नाही, ब्रेक फ्लुइडच्या सिलेंडरमधली रबरं मिनरल ऑइलनं फुगतात. बेअरिंगभोवती बसणारा स्लेव्हही नको, लीक झाला की अख्खा बॉक्स उतरवा.

तर कुणी पाच सुती मास्टर आणि सहा सुती स्लेव्ह अशी जोडी प्रत्यक्ष चालवलीय काय? घाटात, ट्रॅफिकमध्ये पाय किती भरून येतो? आणि पेडल हलकं ठेवायला व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमनं पायाला मदत करणारा) लावलेला कुणी असेल तर तो कुठल्या गाडीचा बसला तेवढं सांगा की.