मदत हवी आहे: घरातल्या संवादाच्या अ‍ॅपसाठी अहिराणी प्रश्न

नमस्कार मंडळी, मी अमळनेरची. नवरा-बायकोत, सासू-सुनेत बोलणं टिकून राहावं म्हणून मानसिक आरोग्याचं एक अ‍ॅप बनवतेय. पहिला नमुना वहिनीला दाखवला. ‘जोडीदाराशी भावनिक जवळीक किती?’ हे वाचून तिने मोबाइल खाली ठेवला आणि भरताची वांगी भाजायला उठली. मागोमाग जाऊन मी विचारलं, ‘काल जेवताना दोघं काय बोललात?’ तर भरीत परतून होईपर्यंत ती बोलत राहिली. म्हणून प्रश्न अहिराणीत हवेत, ‘कसं काय शे?’ इतके साधे.

खरी अडचण वेगळीच आहे. कित्येक घरांत मोबाइल एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. तिने लिहिलेलं त्याने वाचलं तर? पिन ठेवला तर पिनवरूनच भांडण. आणि जिथे मारहाण होते तिथे ‘एकमेकांना समजून घ्या’ सांगणं मला चुकीचंच वाटतं. तिथे थेट महिला हेल्पलाइन १८१ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ दिसेल.

धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या आशाताई, समुपदेशक, सांगाल का? नोंदी फोनमध्ये ठेवूच नयेत का? आणि अबोल्याला तुमच्या गावी काय म्हणतात?