मदत हवी आहे: आजीच्या आवाजाची कॅसेट वाचवायची आहे

आजी गेली. तिचा आवाज आता एका ६० मिनिटांच्या कॅसेटवरच उरलाय: पहाटेची प्रार्थना, आणि शेवटी एकेका नातवंडाचं नाव घेऊन देवाकडे मागितलेलं सुख. परवा ऐकताना नेमका माझ्या नावापाशी आवाज दबला. तेव्हापासून सगळी टेपच घुसमटल्यासारखी वाजते. दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिली, हेड स्पिरिटने पुसलं, फरक नाही. टेप दाबून धरणारी फेल्टची गादी निखळलेली दिसतेय. टेपला बुरशी नाही, ती तुटलेलीही नाही. कव्हरला मात्र स्क्रू नाहीत, ते चिकटवलेलं आहे. दुसरी प्रत नाही, म्हणून हात धजत नाही. एकदा नीट वाजली की लगेच कॉम्प्युटरवर उतरवून घेईन. कव्हर फोडून टेप स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटमध्ये इजा न होता कशी हलवायची? की न फोडता नवी गादी बसवता येते?