प्रथमपुरुषी म्हणजे 'मी' की 'तो'?

शिक्षिका, खानापूर
आमच्या तालुक्यातील एका शाळेत मी दहावीला मराठी शिकवते. कथेच्या घटकांवर टिपण देताना, 'मी' सांगतो ती कथा प्रथमपुरुषी आणि 'तो' किंवा 'ती' यांच्याविषयी कोणी बाहेरून सांगतो ती तृतीयपुरुषी, असे मी फळ्यावर लिहिले. तेव्हा एका मुलीने कन्नड व्याकरणाचे पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवले. त्यात 'नानु', म्हणजे मी, हा उत्तम पुरुष आहे. 'नीनु' हा मध्यम पुरुष. आणि 'अवनु', 'अवळु' हे चक्क प्रथम पुरुष आहेत. चाचणीत तिने त्या हिशेबाने 'तो'ची कथा प्रथमपुरुषी ठरवली होती. त्या उत्तराला गुण द्यावेत की नाहीत, यावर आम्हा शिक्षकांचे एकमत होत नाही. शिवाय आपण ज्याला निवेदक म्हणतो, त्याला कन्नडमध्ये निरूपक म्हणतात. दोन्ही भाषांतल्या कथा वाचणाऱ्या आमच्या मुलांना कोणत्या संज्ञा द्याव्यात?

भाषांतरकार, निपाणी
बाई, मराठीच्या उत्तरपत्रिकेत मराठीतली रूढ संज्ञाच ग्राह्य धरावी. प्रथमपुरुषी निवेदन म्हणजे 'मी'चे निवेदन, हा अर्थ मराठी समीक्षेत पक्का झालेला आहे. मुलीने कन्नड नीट वाचले याचे कौतुक जरूर करावे, पण सीमाभागात आपली परिभाषा आपणच ढिली सोडली, तर ती सांभाळायला दुसरे कोण येणार आहे?

निवृत्त प्राध्यापक, धारवाड (मूळ गाव बेळगाव)
ती मुलगी कन्नडच्या बाजूने बोलते आहे असे समजू नये. ती पाणिनीच्या बाजूने बोलते आहे. अष्टाध्यायीत, म्हणजे पाणिनीच्या संस्कृत व्याकरणग्रंथात, युष्मद् (तू, तुम्ही) असता मध्यम, अस्मद् (मी, आम्ही) असता उत्तम आणि 'शेषे प्रथमः', म्हणजे उरलेल्या सर्वांना प्रथम, अशी व्यवस्था आहे. संस्कृतात धातू चालवताना 'पठति', म्हणजे 'तो वाचतो', यापासून आरंभ होतो, तो याच क्रमाने. कन्नड व्याकरणाने ती व्यवस्था जपली. मराठीतील प्रथम, द्वितीय, तृतीय हा क्रम इंग्रजी व्याकरणाच्या वळणाचा आहे. तेव्हा शुद्धतेचाच आग्रह असेल, तर 'उत्तमपुरुषी निवेदन' म्हणावे लागेल, आणि निपाणीकरांना ते मान्य होईल असे वाटत नाही.

भाषांतरकार, निपाणी
मान्य नाहीच. मराठी वाचकाला 'उत्तम' म्हणजे चांगले, एवढेच ऐकू येते. 'उत्तमपुरुषी निवेदन' वाचून मुले समजतील की निवेदनाचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे दर्जे आहेत. व्युत्पत्ती बरोबर असली, तरी शब्द वर्गात चालला पाहिजे.

वाचक, शहापूर (बेळगाव)
मला निरूपक या शब्दाविषयी लिहायचे आहे. आमचे आजोबा नारदीय कीर्तन करीत. पूर्वरंगात ते एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करीत. मग बुक्का लावून, हार घालून झाला की उत्तररंगात आख्यान सुरू होई. म्हणजे निरूपण म्हणजे अर्थ उलगडणे आणि आख्यान म्हणजे गोष्ट सांगणे, हा भेद आमच्या कानांवर लहानपणापासून आहे. आख्यानात आजोबा 'आता दुर्योधन म्हणतो' असे म्हणून आवाज चढवीत, छाती काढून उभे राहत, आणि दुसऱ्याच क्षणी उपरणे सावरून 'पाहा बरं का, श्रोते हो' असे म्हणत पुन्हा कीर्तनकार होत. मात्र हा 'पाहा बरं का' म्हणणारा माणूससुद्धा घरी आमच्याशी बोलणारे आजोबा नव्हते. लेखक, निवेदक आणि पात्र हे तीन वेगळे आहेत, हे मुलांना शिकवायचे असेल, तर याहून जवळचे उदाहरण मला सुचत नाही. म्हणून गोष्ट सांगणाऱ्याला निरूपक म्हणणे मराठीत मला खटकते.

निवृत्त प्राध्यापक, धारवाड
शहापूरकर, निरूपणाला आपण फार आखडून घेत आहात. दासबोधातील कितीतरी समासांच्या नावांच्या शेवटी 'निरूपण' आहे, आणि तिथे उलगडणे व सांगणे वेगळे काढता येत नाही. निरूपण म्हणजे रूप देऊन समोर ठेवणे. कथेत सांगणारा घटनांना रूपच देत असतो, म्हणून कन्नडने निवडलेला शब्द मला अधिक नेमका वाटतो.

पदव्युत्तर विद्यार्थिनी, बेळगाव
आमच्याकडे निवेदन म्हटले की जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा कागद आधी आठवतो. सीमाप्रश्नाची किती निवेदने तिथे गेली, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. निवेदक म्हटले की व्याख्यानमालेत पाहुण्यांची ओळख करून देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. निवेदन आणि नैवेद्य एकाच धातूतून आले आहेत; दोन्हींत काहीतरी कोणापुढे तरी ठेवायचे असते. कथेतला निवेदकही वाचकापुढे काही ठेवतो, म्हणून हा शब्द मी सोडणार नाही. पण शिकवताना हे तीनही अर्थ एकदा बोलून घ्यावेत.

भाषांतरकार, निपाणी
नैवेद्याचे राहू द्या. मी कन्नडमधून कथा आणतो, तेव्हा मला अडते ते वेगळ्याच ठिकाणी. ही वाक्ये पाहा: 'सखाराम जांबोटीच्या फाट्यावर पोहोचला. शेवटची बस गेली असणार, असे त्याला वाटले. दुकानदाराने मान वर केली नाही. त्याला ओळख पटली नसावी.' यात 'सखाराम'च्या जागी 'मी' आणि 'त्याला वाटले'च्या जागी 'मला वाटले' घाला, आणि 'पोहोचला'चे 'पोहोचलो' करा. आणखी काहीही बदलावे लागत नाही. 'नसावी' हे क्रियापद सांगते की दुकानदाराच्या मनात आपल्याला प्रवेश नाही. आता हे पाहा: 'दुकानदाराने त्याला ओळखले होते, पण उधारीची वही उघडावी लागेल म्हणून मान वर केली नाही.' हा सर्वसाक्षी निवेदक झाला. व्याकरणाने दोन्ही तृतीयपुरुषीच, पण वाचकाला दिलेली माहिती पूर्ण वेगळी. पुरुष प्रथम की उत्तम, यापेक्षा कोणाला काय ठाऊक आहे, हे मुलांनी आधी विचारावे.

शिक्षिका, खानापूर
हे उदाहरण मी वर्गात घेईन. 'नसावी' आणि 'ओळखले होते' एवढ्या फरकावर अख्खा तास होईल. परंतु माझा प्रश्न गुणांचा होता. त्या मुलीने कथेत 'तो' आहे हे अचूक ओळखले आणि कथेतून दोन वाक्ये पुराव्यादाखल दिली. चुकले असेल तर नाव चुकले, समज चुकलेली नाही.

पदव्युत्तर विद्यार्थिनी, बेळगाव
मग पूर्ण गुण द्यावेत. आणि यापुढे 'मी-निवेदन' व 'तो-निवेदन' असे साधे शब्द का वापरू नयेत? त्यांत क्रमांकच नाही, त्यामुळे घोटाळाही नाही.

निवृत्त प्राध्यापक, धारवाड
'तो-निवेदन' म्हटल्यावर 'ती'च्या कथेचे काय? आणि कथा सांगणारा त्या कथेतला 'तो' नसतोच. सांगणारा बाहेर असतो. साधा शब्द घेतला, की आशय हातचा जातो.

वाचक, शहापूर (बेळगाव)
संज्ञांचे घोटाळे पुरुषांपाशी थांबत नाहीत. कन्नड समीक्षेत प्रतीकाला 'संकेत' म्हणतात, आणि मराठीत साहित्यसंकेत म्हणजे लेखक-वाचकांनी मानलेली रूढी. दोन्ही भाषांत सारख्याच अर्थाने नांदणारा शब्द म्हणजे 'कादंबरी', तो तर बाणभट्टाच्या नायिकेचे नाव आहे.

शिक्षिका, खानापूर
तूर्त मी एक तक्ता करते आहे: मराठी संज्ञा, तिच्या शेजारी कन्नड संज्ञा आणि तिसऱ्या रकान्यात 'मी', 'तू', 'तो' हे सर्वनाम. परीक्षेत सर्वनाम लिहिलेच पाहिजे, असे मुलांना सांगणार आहे.

भाषांतरकार, निपाणी
सर्वनामाचा रकाना योग्य आहे. पण कन्नड संज्ञा त्याच तक्त्यात शेजारी नको. ती स्वतंत्र पानावर द्यावी. दहावीच्या मुलांना आधी एक परिभाषा पक्की होऊ द्या.

निवृत्त प्राध्यापक, धारवाड
शेजारीच द्यावी. ती मुले दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात घेऊन शाळेत येतात.