देणेकरी, घेणेकरी आणि वसुलीवाला

प्रश्न

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या बचत गटासाठी कर्जाविषयी एक माहितीपत्रक लिहिते आहे. 'देणेकरी दारात येऊन बसला तर काय करावे' असं वाक्य लिहिलं, तर गटातल्या एका काकूंनी लगेच हटकलं : "देणेकरी तर आपण. दारात आला तो कसा देणेकरी?" पण 'देणेकऱ्यांचा तगादा' असं छापलेलं मी कितीदा तरी वाचलंय. बरोबर काय? आणि वसुलीला येणाऱ्या माणसाला पत्रकात काय म्हणू?

उत्तर

ताई, काकूंचंच बरोबर. ज्याच्याकडून देणं आहे तो देणेकरी, ज्याचं घेणं आहे तो घेणेकरी. 'देणेकरी' ऐकलं की 'कर्ज देणारा' असा अर्थ मनात येतो, तिथे घोटाळा होतो. दुकानदाराच्या खातेवहीतली 'येणे' आणि 'देणे' ही सदरं आठवली की गोंधळ राहत नाही. जुन्या कर्जरोख्यांत हीच जोडी धनको (घेणेकरी) आणि रिणको (देणेकरी) अशी यायची. कायद्याच्या मराठीत आज धनको-ऋणको चालतात, पण गटातल्या बायांसाठी ते नकोत.

सावकाराच्या तोंडी ऋणकोला 'कूळ' म्हणत. कसणारा तोही कूळ आणि कर्ज काढणारा तोही कूळच. आपल्याकडे बहुतेकदा तो एकच माणूस असे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मागणी करत राहणं म्हणजे तगादा, आणि ती करणारा तगादेदार. पूर्वी सरकारी बाकीसाठी दारावर माणूस बसवत, त्याला मोहसल म्हणत, आणि त्याचा रोजचा खर्चही बाकीदाराच्याच माथी. धनको स्वतः उपाशी दाराशी बसला तर ते 'धरणे'. आज आपण मोर्चा-आंदोलनात जे धरणे धरतो तो शब्द या कामासाठीही होता. बसणाऱ्याला काही झालं तर पाप घरमालकाला, ही भीती त्यामागे. 1860 च्या दंडसंहितेत अशा धरण्याला गुन्हा ठरवलं.

आज गावात लोक 'फायनान्सवाला' किंवा 'वसुलीवाला' म्हणतात. पत्रकात 'वसुली एजंट' लिहा. 'वसुली अधिकारी' मात्र मुळीच लिहू नका. सहकारी संस्थांच्या कायद्यात वसुली अधिकारी हे खरं पद आहे, त्या कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुली दाखल्यावर त्याला जप्तीचा अधिकार असतो. खाजगी फायनान्सचा पोरगा मोटारसायकलवर येऊन स्वतःला 'अधिकारी' म्हणवतो आणि 'जप्ती आणतो' म्हणून दम देतो. बाई त्या दोन शब्दांना घाबरते आणि मंगळसूत्र गहाण ठेवते. तो कंपनीने नेमलेला माणूस आहे. त्याच्या तोंडच्या शब्दाने जप्ती होत नाही.

आणखी एक प्रतिसाद

भाऊंच्या उत्तराला जोडून. आमच्याकडे शिरपूरला 'गाडी ओढली' म्हणतात, हप्ते थकल्यावर फायनान्सवाले ट्रॅक्टर नेतात तेव्हा. 'जप्त केला' क्वचितच ऐकू येतं. शब्द अगदी नेमका आहे. जप्तीमागे हुकूम असतो, ओढण्यामागे चार माणसं.

'उचल', म्हणजे कामाआधीच घेतलेले पैसे, हा शब्दसुद्धा घ्या पत्रकात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, ठरतो तेव्हा तो उचल घेतो, ऊसतोडीला जाणारे मुकादमाकडून घेतात. त्याला कुणी कर्ज म्हणत नाही, पण फेडताना अंग मोडतं. 'अजून माझ्याकडे बाकी निघते' म्हणून माणूस पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जातो.

प्रश्नकर्ती

'गाडी ओढणे' आमच्याकडेही आहे, लक्षातच आलं नव्हतं. एक राहिलं. हप्ता चुकलेल्या बाईला 'थकबाकीदार' म्हणू की 'कर्जबुडवी'? मीटिंगमध्ये एजंट सगळ्यांसमोर दुसरा शब्द वापरतो. तिचा हप्ता भरेपर्यंत बाकीच्या बायांना उठू देत नाही.

उत्तर

थकबाकीदार. कधीही दुसरा नको. बुडवणारा म्हणजे ऐपत असून न देणारा. कापूस बोंडअळीने गेला, दवाखाना लागला, म्हणून जिचा हप्ता राहिला तिची बाकी थकली आहे, तिने काही बुडवलेलं नाही. "आते नही शेतस, कापूस इकावर दिसू" (आत्ता नाहीत, कापूस विकल्यावर देईन) असं सांगणारी बाई कर्ज नाकारत नाही, मुदत मागते. 'मुदत' हाही शब्द पत्रकात ठळक छापा, अर्जात तोच मागायचा असतो.

शिवाय लिहा की बँकेच्या वा फायनान्स कंपनीच्या एजंटने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर (मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर) वसुलीसाठी फोन करू नये, चारचौघांत अपमान करू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बजावलं आहे. गावचा सावकार असेल तर 2014 चा सावकारी कायदा लागतो. परवाना नसेल किंवा तो पाठीमागे फिरत, घराभोवती घिरट्या घालत असेल, तर तक्रार सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकाकडे. तुमचं वाक्य असं करा : 'वसुली एजंट दारात येऊन बसला, तर त्याचं ओळखपत्र आणि नेमणुकीचं पत्र मागा.'