आयव्हीएलपीचे पाहुणे घरी जेवायला येणार आहेत : तयारी काय करावी?

उंबरठा
आमच्या शहरातल्या आंतरराष्ट्रीय पाहुण्यांच्या कौन्सिलकडे आम्ही ‘होम हॉस्पिटॅलिटी’साठी (पाहुण्यांना घरी जेवायला बोलावण्यासाठी) नाव दिलं होतं. आता आयव्हीएलपीचे (इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅम : अमेरिकी सरकार परदेशी व्यावसायिकांना भेटीसाठी बोलावतं तो कार्यक्रम) तीन पाहुणे आणि एक दुभाषी येणार असल्याची ईमेल आली आहे. मध्य आशियातले पत्रकार आहेत, इंग्रजी जुजबी. आमचं घर शाकाहारी, घरात कुत्रा, आणि आम्ही दोघं एच-१बीवर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा). यातलं काही आड येईल का? राजकारणावर बोलावं की टाळावं? कौन्सिलच्या कोऑर्डिनेटरला आधी काय काय विचारून घ्यावं?

भाकरतुकडा
व्हिसाची चिंता सोडा. बिनमोबदला कुणाला घरी जेवू घालणं ही नोकरी नाही, त्याला वर्क ऑथरायझेशन लागत नाही. भारतीय घर आहे म्हणून ‘अमेरिकन’ जेवण करायचा घाटही घालू नका. इथे कशी कशी माणसं राहतात हे बघायलाच ते येतात.

शाकाहारी चालेल, पण कोऑर्डिनेटरला आजच कळवा, म्हणजे पाहुण्यांनाही आधी कल्पना असेल. त्या भागात मांसाशिवाय जेवणाला जेवण न मानणारे बरेच असतात, तेव्हा पोटभरीचं करा : छोले किंवा राजमा, पनीर, बटाटा, भात, भरपूर दही, ब्रेड, फळं. भाजीत तिखट घालूच नका, चटणी आणि मिरच्या वेगळ्या वाटीत ठेवा. नंतर बिनदुधाचा चहा हवाच, तोही एकेक कप नव्हे, किटली भरून.

शाकाहारी घरातही दोन गोष्टी निसटतात. बाजारच्या काही गोडात प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं जिलेटिन असतं (मार्शमॅलो, जेलो, काही मूस), आणि व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये नियमानुसार किमान ३५ टक्के अल्कोहोल असतं. हलालबद्दल काटेकोर असणाऱ्याला हे सांगावं लागतं. पण सगळेच काटेकोर असतील असं धरू नका. एकाच गटात वाइन मागणारा आणि ती टेबलावरही नको म्हणणारा, दोघं असू शकतात. प्रत्येकाचं वेगळं विचारून घ्या.

मधला_दुवा
मेनूपेक्षा दुभाष्याकडे जास्त लक्ष द्या. संध्याकाळ फसते ती तिथे.

वाक्य संपल्यावर भाषांतर होतं, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते. दोन तासांच्या जेवणात खरा संवाद तासाभराचाच. म्हणून दुसरं कुटुंब बोलावण्याचा मोह टाळा. माणसं वाढली की टेबलावर दोन गप्पा सुरू होतात, दुभाषी एकीकडेच पुरतो आणि उरलेले पाहुणे नुसते हसत बसतात.

दुभाष्याला टेबलाच्या टोकाला बसवू नका. लांब बाजूला, पाहुण्यांच्या मधोमध जागा द्या आणि तुम्ही समोर बसा. बोलताना बघायचं पाहुण्याकडे : “तुम्ही कुठल्या विषयावर लिहिता?” “त्यांना विचारा की…” असं नको. दोन वाक्यं बोलून थांबा. म्हणी, शाब्दिक कोट्या, फॅरनहाइट आणि मैल टाळा. गाणी आणि किचनचा पंखा बंद. तुम्ही दोघं आपसात मराठी बोललात तर बिचारा हेही भाषांतर करायचं होतं का या पेचात पडतो.

आणि तो उपाशी राहतो! सकाळपासूनच्या बैठकांमध्ये तोच बोलत असतो. त्याचं ताट सगळ्यांत आधी वाढा, आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं “हे घ्या, ते वाढू का” एवढंच चालू द्या. एवढ्या बोलण्याला खुणा पुरतात.

कडीकोयंडा
राजकारणावर बोला की. तुम्ही सरकारचे प्रवक्ते नाही, आणि घरातल्या घरात मतभेद दिसले तर उत्तमच. फक्त पाहुण्याला त्याच्या सरकारबद्दल उलटतपासणीसारखे प्रश्न नकोत. या कार्यक्रमाला अर्ज करता येत नाही, अमेरिकी वकिलाती माणसं निवडतात. त्यामुळे गटातले लोक एकमेकांना जेमतेम ओळखत असतात आणि एकमेकांसमोर मोकळं बोलतीलच असं नाही. प्रॉपर्टी टॅक्समधून शाळा कशी चालते, स्कूल बोर्ड कोण निवडतं, दवाखान्याचं बिल कसं येतं, असे विषय काढा. पत्रकार तासभर हलत नाहीत.

फोटो विचारून काढा, पण फेसबुकवर नाव, टॅग, लोकेशन काहीही नको. पत्रकाराला परत गेल्यावरही एखादा फोटो महागात पडू शकतो.

कुणी “इथे राहायचं असेल तर?” असं विचारलं तर स्पॉन्सरशिप, नोकरी, पत्र यातलं काहीही कबूल करू नका. हे लोक जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा) वर, अमेरिकी सरकारच्या खर्चाने येतात. त्यांना इमिग्रेशन कायद्याचं कलम २१२(ई) लागू होतं, म्हणजे एच-१बी किंवा ग्रीन कार्डाआधी दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट. प्रश्न कोऑर्डिनेटरकडे सोपवा.

भाकरतुकडा
कुत्र्याचं राहिलं. हेही आजच कळवा. पाहुणे येण्याआधीच त्याला बंद खोलीत ठेवा, दारात भुंकत सामोरा नको. सूर्यास्त जेवणाच्या वेळेत येत असेल तर मगरिबच्या नमाजासाठी एक रिकामी खोली आणि धुतलेली चादर तयार ठेवा. दिशा त्यांच्या फोनवर असते.

हॉटेलवरून आणायचं कुणी, हे लेखी घ्या. तुमची गाडी असेल तर अपघातात आधी तुमचाच विमा लागतो. चौघं आणि चालक म्हणजे साधी सेडान भरली. सहाला आणा, नऊच्या आत परत सोडा, सकाळी त्यांच्या बैठका असतात. खर्च आपलाच. मात्र कौन्सिल ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था, असेल आणि तुम्ही कर भरताना आयटमाइझ करत असाल (ठरावीक वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवत असाल), तर या फेऱ्यांचे मैलाला १४ सेंट वजा मिळतात.

उंबरठा
खूप आभार, कोऑर्डिनेटरला लिहिते. हे जमलं तर पुढे कुणाला मुक्कामाला ठेवता येईल का?

मधला_दुवा
आयव्हीएलपीचे पाहुणे हॉटेलातच उतरतात, त्यात सहसा मुक्काम नसतो. मोठ्यांना घरी ठेवायचं तर फ्रेंडशिप फोर्स या, परदेशी पाहुण्यांना सभासदांच्या घरी उतरवणाऱ्या संस्थेचे क्लब बघा (१९७७ पासून आहेत), मुक्काम साधारण आठवड्याचा. जे-१ वरचा हायस्कूलचा विद्यार्थी ठेवणं मात्र फार वेगळं काम : घरातल्या १८ आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासतात, घरी येऊन सगळ्यांची मुलाखत घेतात, घराचे फोटो आणि बाहेरच्या दोघांचे संदर्भ मागतात. मुलाला स्वतःचा पलंग द्यावा लागतो, सोफा-कम-बेड किंवा हवेची गादी चालत नाही.